कसब हातात आहे, हत्यारे कोठे आहेत?

बीड जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी बिऱ्हाडे ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात व उन्हाळा तोंडावर आला म्हणजे परततात. या बिऱ्हाडांत आपलेही बांधव आहेत. त्यांच्याजवळ स्वतःच्या मालकीचे असे हत्यार बहुधा एकच असते, ते म्हणजे कोयता. परंतु हाच माणूस परत आला की १४ एप्रिलच्या कमानीवर अशोकचक्र रंगवतो, ढोलकी मढवतो, विहाराच्या मोडक्या दाराला बिजागरी बसवून देतो. त्याची पत्नी मागून आणलेल्या यंत्रावर वस्तीतल्या मुलींचे पांढरे पोशाख शिवते. जयंती संपली की यंत्र ज्याचे त्याला परत जाते आणि कसब पुन्हा गाठोड्यात बांधले जाते.

या कसबाला वर्षभर काम मिळावे म्हणून जगात ठिकठिकाणी एक व्यवस्था उभी राहिली आहे. तिला 'मेकरस्पेस' असे नाव आहे. आम्ही तिला या लेखात सामाईक कार्यशाळा म्हणू. नाव नवे असले तरी कल्पना सोपी आहे. एक जागा असते. तिथे शिलाईची, सुतारकामाची, वेल्डिंगची, छपाईची यंत्रे असतात. कोठे संगणकावर चालणारी कापणी यंत्रेही असतात. ही यंत्रे संस्थेची, काम ज्याचे त्याचे आणि कामाची कमाईही ज्याची त्याची. वापरणाऱ्याने तासाप्रमाणे थोडे शुल्क द्यायचे, नवख्याने आधी शिकून घ्यायचे आणि शिकल्यावर पुढच्याला शिकवायचे. संस्था नफा वाटून घेत नाही. जे उरेल ते पुन्हा कार्यशाळेतच घालते.

आपल्या समाजापुढे ही कल्पना मांडली की पहिला आक्षेप येतो तो असा, "हे म्हणजे पुन्हा बलुतेदारीच नव्हे काय?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९२७ साली महाडला परमपूज्य बाबासाहेबांनी मेलेली गुरे ओढण्याचे व मृतमांस खाण्याचे सोडून द्या असे बजावले. आपल्या वडीलधाऱ्यांनी ते ऐकले, त्यासाठी गावाचा बहिष्कार सोसला आणि पोरांना शाळेत घातले. आता त्यांच्या नातवंडांना रापी आणि रंधा हाती घ्या म्हणून कोणी सांगितले तर त्यांच्या कपाळाला आठी पडणारच.

परंतु बाबासाहेबांचा विरोध श्रमाला किंवा यंत्राला नव्हता, हे विद्यार्थ्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. जातीमुळे कामापेक्षा काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडली जातात आणि जन्मावरून धंदा गळ्यात पडतो, हे त्यांचे म्हणणे 'जातिभेद निर्मूलन' या १९३६ च्या ग्रंथात सविस्तर आले आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यात सूत ओढण्यासाठी ते तोंडाने खेचावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा इतरांना नको होता. जास्त पगाराचे यंत्र आपल्यापासून लांब राहिले ते असे. बाबासाहेबांनी या अन्यायाविरुद्ध आवाज उठवला. पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी सरकारला जे निवेदन दिले, त्यात विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या आणि सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे अशीही मागणी केली. ज्या दारातून आपल्याला आत घेत नव्हते ते दार उघडा, असे ते मागणे होते.

बलुतेदारी आणि सामाईक कार्यशाळा यांतला फरक इथे दिसतो. बलुत्यात काम जातीने ठरे, मोबदला गावकीच्या मर्जीने मिळे आणि नाही म्हणण्याची सोय नसे. कार्यशाळेत कोणीही कोणतेही यंत्र शिकू शकतो, वस्तूची किंमत करणारा स्वतः सांगतो, आणि नको वाटले तर सोडून जातो. बौद्धाच्या मुलीने वेल्डिंग शिकावे आणि मराठ्याच्या मुलाने चामड्याची पिशवी शिवावी. असे होत नसेल तर ती कार्यशाळा फसली असे आम्ही म्हणू. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांना प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने कर्ज आहे. ज्यांना लागू होते त्यांनी ते जरूर घ्यावे. पण तिची मांडणी घराण्यातून चालत आलेल्या धंद्यांवर आहे, आणि १५,००० रुपयांत हातातली अवजारे येतात, मोठे यंत्र येत नाही.

महाराष्ट्रातले याचे उत्तम उदाहरण पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पाबळ येथे आहे. शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मुंबईतील मोठ्या कंपनीतले संशोधनाचे काम सोडून १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास झालेली, शाळा सुटलेली खेड्यातली मुले त्यांनी घेतली. लोखंडकाम व बांधकाम, वीज व ऊर्जा, शेती व पशुपालन, घर व आरोग्य अशा चार अंगांनी ही मुले हाताने काम करत शिकतात. शिकताना केलेले काम भंगारात जात नाही. गावकऱ्यांची खरी कामे घेऊन ती करून द्यायची, त्याचा हिशेब ठेवायचा आणि त्यातूनच शिकायचे ही तिथली रीत. जुन्या जीपच्या सुट्या भागांपासून तिथे छोटा ट्रॅक्टर बनला. २००२ साली अमेरिकेतील एमआयटी या विख्यात तंत्रशिक्षण संस्थेच्या सहकार्याने तिथे 'फॅब लॅब' निघाली. संगणकाने चालणाऱ्या कापणी व कोरणी यंत्रांच्या अशा कार्यशाळा आज जगभर आहेत. एमआयटीच्या बाहेर निघालेल्या अगदी पहिल्या कार्यशाळांपैकी ही एक. बोस्टन शहरातली पुढची, पाबळ आधीचे! कलबाग २००३ साली गेले, पण आश्रम चालू राहिला. पावसाची वानवा असलेल्या गावात हे होऊ शकते, तर आष्टी-पाटोद्यात किंवा वडवणी-धारूरला का होऊ नये?

कलावंतांचा आणि छोट्या धंदेवाल्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे, आणि त्याचे एक उदाहरण मुंबईत घडले. २०१५ साली राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाल्यावर धारावीतील चर्मकारांचा कच्चा माल आटला. चित्रकार सुधीर राजभर यांनी या कारागिरांबरोबर टाकाऊ टायर-ट्यूबच्या रबरापासून पिशव्या बनवायला घेतल्या, आणि जे नाव शिवी म्हणून वापरले जाई तेच 'चमार' हे नाव त्यांनी वस्तूंवर छापले. कलाकाराची नजर आणि कारागिराचा हात एका टेबलावर आला म्हणजे काय होते ते यात दिसते.

आपल्या बीडचाही असा एक जुना लौकिक होता. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंपिरियल गॅझेटियरात बीड शहराची ख्याती दोन वस्तूंसाठी नोंदली आहे, चामड्याची छागल आणि गुप्ती. छागल म्हणजे प्रवासात पाणी गार ठेवणारी पिशवी. गुप्ती म्हणजे काठीत लपवलेले पाते. शस्त्रांचा व्यापार उपासकाने करू नये असे तथागतांनी सांगितले आहे, तेव्हा गुप्ती आपल्या सम्यक आजीविकेत बसणार नाही. पण पोकळ काठीत पाते तंतोतंत बसवणारा हात चांगले टेबल, चांगले वाद्य, चांगली मूर्तीची चौकट करू शकला असता. छागलीची जागा प्लास्टिकच्या बाटलीने घेतली आणि ते कसब विरले. अलीकडे तीच गत फलक रंगवणाऱ्या पेंटरांची झाली. फ्लेक्स आले आणि ज्यांच्या हातून बाबासाहेबांचे चित्र भिंतीभिंतीवर उमटले ते घरी बसले. तेव्हा गावात एखादे सामाईक छपाई यंत्र असते, तर तोच पेंटर फ्लेक्सचाही मालक झाला असता.

बाजार नाही असे म्हणावे तर तसेही नाही. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर जाऊन पाहावे. पुस्तके, मूर्ती, दिनदर्शिका, तसबिरी, निळे झेंडे, पंचरंगी ध्वज यांची दुकाने लागतात आणि माणूस रिकाम्या हाताने परतत नाही. घरी आल्यावर आपण आणलेली मूर्ती उलटी करून तिच्या तळाशी कोणाचा शिक्का आहे तो एकदा पाहावा.

आता पैशाचा विचार करू. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. समजा, जाड कापड व चामडे शिवणारे मोटारीचे यंत्र ४०,००० रुपयांना पडते. एकट्याने ते सावकाराकडून महिना शेकडा २ दराने पैसे काढून घेतले, तर वर्षाचे व्याजच ९,६०० रुपये. आणि काम आठवड्यातून ६ तासांचेच असते! तेच यंत्र कार्यशाळेत असेल आणि तासाला २० रुपये शुल्क असेल, तर त्याला वर्षाला ६,२४० रुपये पडतील व डोक्यावर कर्ज राहणार नाही. असे ८ जण वापरू लागले तर कार्यशाळेकडे ४९,९२० रुपये येतील. दोरा, तेल, दुरुस्ती, विजेचे बिल यातून भागेल.

भागणार नाही तो माणसाचा पगार. दार उघडणारा, नोंदवही ठेवणारा, नवख्याला शिकवणारा आणि बिघडलेले यंत्र त्याच आठवड्यात दुरुस्त करून घेणारा एक जाणता माणूस नसेल, तर यंत्रे प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली पडून राहतात. देणगीदार यंत्र देतात, कारण यंत्रावर नावाची पाटी लागते. पगारावर पाटी लागत नाही.

याचे उत्तर आपल्याच लेण्यांत कोरलेले आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील १० व्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याने संघाला ३,००० कार्षापणांची 'अक्षयनीवि' दिली, म्हणजे मुद्दल कधी मोडायचे नाही असा निधी. हे पैसे त्याने पेटीत ठेवले नाहीत. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ते गुंतवले. एकीकडे २,००० महिना शेकडा १ दराने, दुसरीकडे १,००० महिना शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेचे व्याज वर्षाला २४० होते, आणि त्यातून २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळत. विणकरांना भांडवल मिळाले, माग चालू राहिले, संघाला वस्त्र मिळाले. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीचा उल्लेख आहे, कार्ल्याच्या चैत्यगृहावर धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव आहे, सांचीच्या तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपले नाव कोरून ठेवले आहे. खुद्द तथागत राजगृहात भार्गव कुंभाराच्या शाळेत एक रात्र मुक्कामाला होते आणि पुक्कुसातीला त्यांनी उपदेश केला तो तिथेच.

आपल्याकडे जयंतीची वर्गणी गोळा होते आणि पाच दिवसांत डीजे व मंडपात संपते. मिरवणूक बंद करा असे आम्ही म्हणत नाही. वर्गणीतला चौथा हिस्सा दरवर्षी बाजूला काढून बँकेत कायम ठेव म्हणून ठेवावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. सिगालाला उपदेश करताना तथागतांनी कमाईचे चार भाग करायला सांगितले होते. एक खाण्यापिण्याला, दोन धंद्यात आणि चौथा अडीअडचणीला. ठेव ५ लाखांची झाली आणि ६ टक्के व्याज धरले, तर वर्षाला ३०,००० रुपये येतात. पूर्ण वेळ माणूस यातून होत नाही. आठवड्यातून दोन दिवस येणारा होतो. सुरुवातीला तेवढा पुरे.

जागेसाठी धावाधाव नको. ज्या गावांत विहार किंवा समाजमंदिर बांधलेले आहे, तिथे वंदनेची वेळ सोडली तर ते बहुतेक दिवस कुलूपबंद असते. मागची खोली मोकळी करावी. वीजजोडणीचा भार किती आहे ते आधी वायरमनकडून पाहून घ्यावे, कारण वेल्डिंगला घरगुती जोडणी चालत नाही. पहिल्या वर्षी एक जाड शिलाई यंत्र, एक सुतारी टेबल शिकंज्यासह, ड्रिल यंत्र आणि एक साधा छपाईचा संच एवढेच घ्यावे. महिलांसाठी दुपारची वेळ राखून ठेवावी, नाहीतर संध्याकाळी त्या येणार नाहीत. ऊसतोडीला जाणाऱ्यांचे नाव सहा महिने गैरहजर म्हणून कापू नये. ते परतण्याआधी फाल्गुनात यंत्रांना तेल-पाणी करून ठेवावे. आणि खोलीच्या किल्ल्या दोन असाव्यात, त्यांपैकी एक एखाद्या भगिनीकडे.