बाल्कनी घेतली म्हणून बोट लागायची थांबत नाही

"अगं, बाल्कनीची खोली घे. चार पैसे जास्त जातील, पण बोट लागत नाही."

हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं, याचा हिशेब आता सोडून दिला आहे. लग्नाच्या पंगतीत ऐकलं, सोसायटीच्या लिफ्टमध्ये ऐकलं. एका बुकिंग एजंटाने तर दरपत्रकावर बोट ठेवून बोट न लागण्याची हमीच दिली. त्या हमीवर विसंबून मी आणि मावशी मुंबई-गोवा क्रूझला निघालो. खोली वरच्या डेकवर, पार पुढच्या टोकाला, नाळेच्या बाजूला. संध्याकाळी बाल्कनीत चहा झाला, मावळतीचे फोटो झाले. रात्री साडेदहाला मावशी म्हणाली, "पलंग खाली जातोय का गं?" अकराला ती न्हाणीघरात होती. बाराला तिने शाल गुंडाळली आणि "मी खाली जाऊन बसते" म्हणून निघून गेली. पहाटे शोधायला गेले तर खालच्या डेकवर, स्वागतकक्षासमोरच्या सोफ्यावर ती गाढ झोपली होती. आसपास खिडकी नव्हती, समुद्राचा थेंबही दिसत नव्हता.

त्या सोफ्याला जे जमलं ते बाल्कनीला का जमलं नाही, हे समजून घेतलं की निम्मा गोंधळ मिटतो.

आपल्याकडे गाडी लागते, बोट लागते, ऊन लागतं, नजरही लागते. जणू काही बाहेरून येऊन माणसाला चिकटतं. बोट लागते ती मात्र आपल्याच डोक्यातल्या बेबनावामुळे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगत असतो, आपण हलतोय. समोरची भिंत आणि कपाट आपल्याबरोबरच हलत असल्याने डोळे सांगतात, सगळं जागच्या जागी आहे. मेंदूला या दोन साक्षींचा मेळ लागत नाही आणि त्याचं फळ पोटाला भोगावं लागतं. बाल्कनीत उभं राहून क्षितिजाकडे पाहिलं की डोळ्यांनाही हलणं कळतं, बेबनाव कमी होतो, मोकळ्या हवेने बरं वाटतं. एवढा भाग खरा आहे, आणि तो खरा आहे म्हणूनच हा गैरसमज इतका टिकून आहे.

पण क्षितिज दिसायला उजेड लागतो. मुंबईहून गोव्याकडे जहाज संध्याकाळी सुटतं आणि रात्रभर चालतं. रात्री दोन वाजता बाल्कनीतून दिसतो तो काळोख. आणि झोपायचं असतं पलंगावर, बाल्कनीत नाही. दिवे मालवून डोळे मिटले की बाल्कनीची खोली आणि बिनखिडकीची खोली यांत डोळ्यांपुरता काही फरक उरत नाही. तेव्हा प्रश्न एकच राहतो: तुमचा पलंग किती हलतोय?

पलंग किती हलणार, हे खोली जहाजात कुठे आहे त्यावर ठरतं. जहाज लाटेवर पुढून वर उचललं जातं आणि मागून खाली जातं, मग उलट. बागेतल्या सीसॉसारखं. सीसॉच्या मधल्या दांड्यापाशी बसणारा जेमतेम हलतो, टोकाचा मात्र उडतो. आकडेमोड शाळेतली आहे. दोनशे मीटर लांबीचं जहाज धरा. ते फक्त एक अंशाने पुढे झुकलं, तर मध्यापासून ९० मीटरवरची खोली सुमारे १.५७ मीटर खाली जाते. मध्यापासून १० मीटरवरची खोली जाते फक्त १७ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. १.५७ मीटर म्हणजे पाच फूट दोन इंच. नेमकी माझ्या मावशीची उंची. ती बिचारी त्या रात्री दर काही सेकंदांनी स्वतःच्या उंचीइतकी वरखाली होत होती, आणि मी तिला "क्षितिजाकडे बघ" म्हणत होते.

हे आपल्याला ठाऊक नाही असंही नाही. ज्या पोराला गाडी लागते त्याला आपण एसटीच्या शेवटच्या बाकावर कधी बसवतो का? चालकाच्या मागची जागा मिळावी म्हणून खिडकीतून रुमाल टाकतो. घाटात जे कळतं ते समुद्रावर का विसरायचं?

हे झालं पुढे-मागे होणं. जहाज डाव्या-उजव्या बाजूलाही कलतं, आणि तिथे प्रश्न उंचीचा येतो. डोलकाठीच्या शेंड्यावर चढलेला माणूस जितका झुलतो, तितका तिच्या बुडाशी उभा राहिलेला झुलत नाही. डोलणं तर त्या शब्दातच आहे. हे कलणं कमी करायला आताच्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, आणि त्यांचा उपयोग खरोखर होतो. पण ते पंख बाजूचं कलणं आवरतात, पुढचं-मागचं नाही. "आजकालची जहाजं हलतच नाहीत" असं कोणी म्हणालं, तर त्याची खोली मध्यभागी होती एवढंच समजा.

आता खरी मेख. बाल्कन्या असतात कुठे? बहुतेक वरच्या डेकवर. आजच्या मोठ्या क्रूझ जहाजांवर लाइफबोटी खालच्या एका डेकच्या दोन्ही बाजूंना टांगलेल्या असतात आणि त्यांच्या वर बाल्कन्यांच्या रांगा रचलेल्या असतात. पूर्वी बाल्कनी ही मोजक्या श्रीमंतांची चैन होती. १९८४ साली आलेल्या रॉयल प्रिन्सेस या जहाजावर सगळ्या खोल्या बाहेरच्या बाजूला ठेवल्या गेल्या आणि त्याचं मोठं कौतुक झालं. त्यानंतर समुद्राकडे तोंड असलेल्या खोल्यांची हाव वाढत गेली, आणि आता नव्या मोठ्या जहाजांवर बाल्कनीवाल्या खोल्याच जास्त असतात. त्या सगळ्यांना जागा वरच मिळणार. म्हणजे बोट लागू नये म्हणून जादा पैसे भरून आपण नेमके जास्त हलणाऱ्या मजल्यावर जातो. बाल्कनी मध्यभागी मिळाली तर उत्तमच, पण मग तिचा भाव बघा.

हेलकावा किती वेगाचा आहे, यालाही महत्त्व आहे. १९७४ साली ओ'हॅन्लन आणि मॅकॉली या संशोधकांनी सुमारे तीनशे तरुणांना एका बंद खोलीत बसवून ती खोली वेगवेगळ्या गतींनी वरखाली हलवली. सगळ्यात जास्त मळमळ झाली ती साधारण सहा सेकंदांना एक अशा संथ हेलकाव्यांनी. भराभर हादऱ्यांनी माणूस वैतागतो, पण त्याला तितकं ओकावंसं वाटत नाही. म्हणून खडखडणाऱ्या रिक्षात मजेत बसणाऱ्या माणसाने जहाजावर छाती काढून चढू नये. संथ, लांब हेलकावा हीच जहाजाची चाल.

आणि सगळ्यात मोठा भाग समुद्राचा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. कोळी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहतात आणि मगच त्याच्याशी पुन्हा व्यवहार सुरू करतात. मुंबईच्या क्रूझचा हंगामही पावसाळा टाळूनच असतो. हिवाळ्यात अरबी समुद्र बहुतेक वेळा इतका शांत असतो की बोट कुणालाच लागत नाही, आणि मग श्रेय बाल्कनी घेऊन जाते.

ज्यांना हमखास बोट लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बरेचदा पोटात टिकतच नाही. आलेवडी जवळ ठेवावी, पोट तट्ट भरू नये आणि अगदी रिकामंही ठेवू नये. आणि खोली खालच्या डेकवर, मध्यभागी घ्यावी. तिथे मिळते ती गोल किंवा चौकोनी बंद खिडकी, नाहीतर बिनखिडकीची खोली. दोन्ही बाल्कनीपेक्षा स्वस्त. क्षितिज पाहायचं तर वरचा उघडा डेक सगळ्यांना फुकट आहे.

आता बाकीचे समज, पटापट.

"बाल्कनी म्हणजे समुद्र दिसणारच." नाही. २००९ मध्ये आलेल्या ओअ‍ॅसिस ऑफ द सीज या जहाजाच्या पोटात उघडी बाग आहे, आणि त्या बागेकडे तोंड करून बाल्कन्या आहेत. समोर झाडं आणि समोरच्या घरची बाल्कनी, थेट आपल्या सोसायटीसारखं. काही बाल्कन्यांसमोर लाइफबोटीचं छत येतं. २०१८ च्या सेलिब्रिटी एजवर तर अनेक खोल्यांना वेगळी बाल्कनीच नाही. खोलीच्या टोकाची काच बटण दाबून अर्धी खाली येते, तीच बाल्कनी.

"ऐसपैस बसता येतं." साधारण बाल्कनीत दोन खुर्च्या आणि एक छोटं टेबल मावतं. पाय लांब करायचे तर कठड्याशी बोलणी करावी लागतात.

"तिथे आपण आणि समुद्र, बाकी कोणी नाही." शेजारच्या बाल्कनीशी मध्ये एक पातळ आडोसा असतो. शेजाऱ्यांचं भांडण शब्दन् शब्द ऐकू येतं, आणि वरच्या डेकवरून वाकणाऱ्याला तुमची बाल्कनी दिसते.

"दार उघडं टाकून लाटांच्या आवाजात झोपायचं." जहाज वेगात असलं की ताशी तीस-पस्तीस किलोमीटरने चालत असतं, म्हणजे स्कूटरवर बसल्यासारखा वारा. शिवाय कित्येक जहाजांवर बाल्कनीचं दार उघडं राहिलं की खोलीचा एसी आपोआप बंद होतो.

"लाट आली तर माणूस बाहेर फेकला जाईल." ही आज्यांची खास काळजी. अमेरिकेने २०१० मध्ये क्रूझ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी कायदा केला. त्यात कठडा किमान ४२ इंच उंच हवा असं लिहिलं आहे. ४२ इंच म्हणजे बहुतेकांच्या कमरेच्या वर. कठड्यामागे नीट उभा असलेला माणूस असा सहज पडत नाही. तो पडतो ते कठड्यावर बसल्यावर, खुर्चीवर चढल्यावर, सेल्फीसाठी ओणवा झाल्यावर. लहान मूल बरोबर असेल तर खुर्च्या कठड्यापासून लांब ठेवा आणि दाराची वरची कडी लावा.

"आपल्या बाल्कनीत आपलं राज्य." इथे मात्र थांबून सांगायला हवं, कारण "एक सिगरेट ओढली तर काय बिघडतं" असं म्हणणारे भेटतातच. २३ मार्च २००६ च्या पहाटे, ग्रँड केमनहून जमैकाच्या माँटेगो बेकडे जाणाऱ्या स्टार प्रिन्सेस या जहाजाच्या एका बाल्कनीत आग लागली. ब्रिटनच्या सागरी अपघात चौकशी विभागाच्या अहवालानुसार बहुधा कुणीतरी टाकलेल्या सिगरेटच्या थोटकातून. बाल्कन्यांचे आडोसे आणि खुर्च्या प्लॅस्टिकच्या होत्या. वाऱ्याबरोबर आग डेकमागून डेक चढत गेली. दोनशेहून अधिक खोल्यांचं नुकसान झालं आणि एका प्रवाशाचा जीव गेला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने बाल्कनीतल्या सामानाचे नियम बदलले आणि ते २००८ पासून लागू झाले. आज बहुतेक जहाजांवर बाल्कनीत धूम्रपान बंद आहे. उदबत्ती आणि निरांजनही नाही. कठड्यावर टॉवेल वाळत घालणंही नाही, कारण तो उडून खालच्याच्या बाल्कनीत किंवा समुद्रात जातो.

"जाताना डावीकडची आणि येताना उजवीकडची खोली सगळ्यात पॉश." हा एक जुना गैरसमज, मुंबईच्या बोटींशी जोडलेला. इंग्लंडहून मुंबईला जाणाऱ्या बोटींवर साहेब लोक जाताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची, उन्हापासून वाचलेली खोली मागत. त्यांच्या तिकिटांवर 'जाताना डावी, येताना उजवी' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या चार आद्याक्षरांचा शिक्का असे, आणि त्यातून 'पॉश' हा शब्द आला, अशी ही गोष्ट. गोष्ट झकास आहे, पण तसा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही, आणि ऑक्सफर्डचा कोशही ही व्युत्पत्ती मानत नाही. मुंबई-गोव्यापुरतं सांगायचं तर जाताना किनारा डाव्या हाताला आणि सूर्यास्त उजव्या हाताला. परतताना उलट. शिक्का लागत नाही.

मावशी यंदा पुन्हा क्रूझला निघाली आहे, भिशीच्या मैत्रिणींबरोबर. बुकिंगला मी सोबत गेले होते. तिने विचारलं, "कितवा डेक? मध्ये आहे की टोकाला?" एजंटाने नकाशा तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "काकू, त्यापेक्षा बाल्कनी घ्या ना, बोट लागत नाही."

"ती माझी लागून झाली आहे," मावशी म्हणाली, आणि तिने नकाशावर खालच्या डेकच्या बरोबर मध्यावर बोट ठेवलं.