जेवण नऊला, कॉल दहाला, झोप अकराला

अटलांटाहून जॉर्जिया ४०० या महामार्गाने उत्तरेला निघालं की अल्फारेटा लागतं. तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालयं इथे दाटीने आहेत. त्यांच्या नोकऱ्यांमुळे आलेली मराठी कुटुंबं इथे आणि शेजारच्या जॉन्स क्रीक, कमिंगमध्ये स्थिरावली आहेत. अल्फारेटात रात्रीचे दहा वाजतात तेव्हा पुण्यात सकाळचे साडेसात झालेले असतात, हिवाळ्यात साडेआठ. भारतातल्या टीमशी बोलायची हीच वेळ. मुलांना क्लासवरून आणून जेवायला नऊ वाजतात, मग कॉल, आणि लॅपटॉप मिटला की थेट अंथरूण. पुढे रात्री दोन वाजता छातीत जळजळ, तोंडात आंबट पाणी, ठसका लागून जाग. सकाळी दोष दिला जातो तो मिरचीला. माझ्या मते मिरचीपेक्षा या वेळापत्रकाचा दोष मोठा आहे.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. घास खाली उतरला की ती मिटते. पण घास नसतानाही ती मधूनमधून काही सेकंद सैल पडते, आणि जठर जेवणाने ताणलेलं असेल तर अधिक वेळा. हे निरोगी माणसातही घडतं. दिवसा त्याचा पत्ता लागत नाही, कारण आपण उभे किंवा बसलेले असतो आणि वर आलेलं आम्ल आपसूक खाली उतरतं. शिवाय आपण सतत गिळत असतो, त्यामुळे अन्ननलिकेत लाट उठून ती साफ होते. उरलंसुरलं आम्ल लाळेतलं बायकार्बोनेट निष्प्रभ करतं.

झोपेत या तिन्ही गोष्टी हातच्या जातात. शरीर आडवं, गिळणं अगदी तुरळक, लाळ जवळजवळ बंद. रात्री आम्ल वर येण्याचे प्रसंग दिवसापेक्षा कमी असतात, पण आलेलं आम्ल बराच वेळ तिथेच राहतं आणि अन्ननलिकेच्या अस्तराला इजा करतं. त्यातच जठरातल्या आम्लनिर्मितीला रोज संध्याकाळनंतर चढ असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास तो शिखरावर पोचतो. पोट भरलेलं, आम्ल चढतं आणि शरीर आडवं, हे तिन्ही आपण एकाच तासात जुळवून आणतो.

अन्न तर आम्ल शोषून घेतं, मग त्रास जेवल्यावरच का वाढतो? या कोड्याचा उलगडा २००१ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी केला. जेवणानंतर पाझरलेलं ताजं आम्ल सगळं अन्नात मिसळत नाही. मिसळीवर तर्री तरंगावी तसा त्याचा थर झडपेच्या अगदी खाली साचतो. अशा वेळी आडवं होणं म्हणजे त्याला वर यायला वाट करून देणं.

जपानमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जेवण आणि झोप यांतलं अंतर तपासलं होतं. चार तास किंवा अधिक अंतर ठेवणाऱ्यांशी तुलना करता, तीन तासांच्या आत झोपणाऱ्यांत आम्ल वर येण्याचा आजार असण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर सातपटीहून जास्त निघालं. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव पूर्ण सिद्ध होत नाही, पण अमेरिकेतले पोटविकारतज्ज्ञही निजण्याआधी दोन ते तीन तास काही न खाण्याचाच सल्ला देतात. परदेशातल्या आपल्या घरांत दुपारी डेस्कवर सँडविच आणि रात्री पोळी, भाजी, वरण, भात असं साग्रसंगीत ताट असतं. ही उतरंड उलटी करायला हवी. मोठं जेवण दुपारी, आणि रात्रीचं हलकं जेवण कॉलच्या आधी, शक्यतो सात वाजता. तळलेलं आणि तुपकट अन्न जठरात जास्त वेळ रेंगाळतं. शेंगदाण्याचं कूट आणि तूप घातलेली साबुदाण्याची खिचडीही त्यातच आली, उपासाची असली तरी. पोटाचा घेर कमी झाला की जठरावरचा दाबही कमी होतो, आणि वजन उतरवण्याचा फायदा अनेक अभ्यासांत दिसला आहे.

झोपण्याची कूसही महत्त्वाची आहे. ॲमस्टरडॅममध्ये ५७ रुग्णांच्या झोपेची स्थिती आणि अन्ननलिकेतलं आम्ल एकाच वेळी मोजलं गेलं. २०२२ मध्ये छापलेल्या त्या निष्कर्षांनुसार वर आलेलं आम्ल साफ व्हायला डाव्या कुशीवर मध्यकाने ३५ सेकंद, उताणं ७६ आणि उजव्या कुशीवर ९० सेकंद लागले. डाव्या कुशीवर जठर झडपेच्या खाली राहतं, हे त्याचं कारण. पलंगाची डोक्याकडची बाजू सहा ते आठ इंच उचलल्यानेही आराम पडतो. त्यासाठी पलंगाच्या त्या बाजूच्या पायांखाली ठोकळे ठेवा किंवा उतरती लांब उशी घ्या. नुसत्या दोन उशा रचल्या तर शरीर कमरेत वाकतं आणि पोटावर उलट दाब येतो.

आता गोळ्यांकडे. अमेरिकेत ओमेप्रेझॉल २००३ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं आणि अनेकजण ते झोपताना घेतात. पण हे औषध जेवणामुळे कामाला लागलेले आम्लाचे पंपच बंद करतं, म्हणून ते जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायचं असतं. भारतातून येणाऱ्या बॅगांमधल्या गोळ्यांबद्दल मला जास्त काळजी वाटते. पँटोप्रेझॉलसोबत डॉम्पेरिडॉन असलेल्या गोळ्या आपल्याकडे सर्रास घेतल्या जातात. डॉम्पेरिडॉनला अमेरिकेत मान्यता नाही, कारण त्याने हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. रॅनिटिडीन अमेरिकेतल्या बाजारातून एप्रिल २०२० मध्ये हटवलं गेलं. डॉक्टरांना या गोळ्यांची नावं सांगितलीच पाहिजेत. थंड दुधाने घटकाभर बरं वाटतं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम पुन्हा आम्ल पाझरवतात. इनोमध्ये सोडियम असतं, त्यामुळे रक्तदाब असलेल्यांनी ते रोज घेऊ नये.

मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांचा प्रश्न वेगळा आहे. रक्तदाबासाठीची ॲम्लोडिपिनसारखी औषधं ही झडप थोडी सैल करतात. पण म्हणून गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. घास अडकणं, वजन उतरणं, काळं शौच किंवा रक्ताची उलटी यांपैकी काहीही दिसलं तर घरगुती उपाय थांबवून तपासणी करून घ्या. आणि छातीतल्या कळेबरोबर घाम, धाप, किंवा हाताकडे वा जबड्याकडे जाणारं दुखणं असेल तर ती ॲसिडिटी समजून रात्र काढू नका. दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकार तुलनेने कमी वयात गाठतो. विम्याचा आणि बिलाचा विचार नंतर करता येईल, आधी ९११ लावा.