दूध कमी येतंय? गोळी कधी घ्यावी आणि वसई-विरारमध्ये मदत कुठे मिळेल

बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाळ रडले की "दूध पुरत नाही" असा निष्कर्ष घरात लगेच निघतो. मग कोणी मेडिकलमधून दूध वाढवणारी पावडर आणते, कोणी वरचे दूध सुरू करायला सांगते. दूध खरोखर कमी असेल, तर औषधाचा उपयोग होऊ शकतो. मात्र ते तपासणीनंतर आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यावे.

दूध खरंच कमी आहे का?

रडणे, वारंवार पिणे किंवा स्तन मऊ लागणे ही दूध कमी असल्याची खूण नाही. हे पाहा:

- पाचव्या दिवसानंतर बाळ २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी करते का?
- जन्मानंतर घटलेले वजन दोन आठवड्यांपर्यंत भरून निघाले का?

दोन्हीची उत्तरे 'हो' असतील आणि वजन पुढेही नीट वाढत असेल, तर बहुधा औषधाची गरज नाही.

आधी कारण शोधा

स्तनातून जितके दूध बाहेर पडते, तितके नवे तयार होते. बाळाने स्तन नीट पकडला नसेल किंवा वरचे दूध सुरू झाले असेल, तर दूध घटते. सुरुवातीला दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजा.

थायरॉइडचा आजार, प्रसूतीत झालेला मोठा रक्तस्राव, गर्भाशयात राहिलेला वारेचा तुकडा, स्तनाची जुनी शस्त्रक्रिया, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या किंवा सर्दीची काही औषधे यांमुळेही दूध कमी होऊ शकते. अशा वेळी मूळ कारणावर उपचार हवा.

गोळी काय करते?

डॉम्पेरिडोन हे मुळात मळमळीचे औषध. त्याने प्रोलॅक्टिन हे दूध तयार करणारे संप्रेरक वाढते. दुधातली वाढ बहुधा मध्यम असते, आणि बाळ पीत नसेल किंवा दूध काढले जात नसेल तर फायदा टिकत नाही.

हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर ही गोळी धोक्याची ठरू शकते. फ्लुकोनाझोल, एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन चालू असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगा. डोस स्वतः वाढवू नका आणि गोळी अचानक बंद करू नका. मेटोक्लोप्रामाइडने उदासी वाढू शकते, म्हणून नैराश्याचा त्रास असेल तर तेही सांगा. शतावरीबाबतचे पुरावे अजून मर्यादित आहेत. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू जरूर खा, पण त्यांना उपचार समजू नका.

वसई-विरारमध्ये कुठे जाल?

प्रसूती जिथे झाली, तिथेच आधी जा. माहेरी आला असाल, तर डिस्चार्ज कार्ड आणि बाळाच्या वजनाच्या नोंदी सोबत ठेवा. नव्या डॉक्टरांना त्यावरून निर्णय घेणे सोपे जाते. महापालिकेची आरोग्य केंद्रे, वसईचे सर डी. एम. पेटिट रुग्णालय किंवा नालासोपाऱ्याचे तुळींज रुग्णालय यांपैकी जवळच्या ठिकाणी स्त्रीरोग आणि बालरोग तपासणीची चौकशी करा.

सरकारी रुग्णालयात प्रसूती झालेल्या आईला जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषधे मोफत आहेत. बाहेरून घ्यावी लागली, तर जनऔषधी केंद्रात चिठ्ठी दाखवून जेनेरिक गोळी विचारा. ती स्वस्त पडते.

नवजात बाळासाठी आशाताईंच्या गृहभेटी ४२ दिवसांपर्यंत असतात. त्यांच्याकडून बाळाचे वजन करून घ्या आणि पाजताना पकड पाहायला सांगा. बाहेर पडणे कठीण असेल, तर ई-संजीवनीवर डॉक्टरांशी मोफत बोलता येते. पण बाळाचे वजन आणि पकड फोनवर तपासता येत नाही, म्हणून प्रत्यक्ष भेट टाळू नका.

थांबू नका

बाळ सुस्त असेल, पीत नसेल, लघवी फार कमी असेल किंवा अंग तापलेले वा गार लागत असेल, तर औषधाचा परिणाम होण्याची वाट पाहू नका. लगेच रुग्णालयात न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा. अशा वेळी डॉक्टरांनी वरचे दूध सुचवले, तर ते द्या. आधी बाळाचे पोट भरू द्या. स्वतःचे दूध काढत राहिलात, तर ते पुन्हा वाढवता येते.