जुन्या रूपाची नवी मोटारसायकल आणि साठीपुढचे शरीर

गेल्या काही वर्षांत पुण्याच्या रस्त्यांवर एक गमतीचे दृश्य दिसू लागले आहे. सिग्नलला शेजारी येऊन थांबलेली मोटारसायकल पाहावी, तर गोल दिवा, थेंबाच्या आकाराची टाकी, लांब सायलेन्सर, क्रोमचा लखलखाट, असे सारे १९७० च्या सुमाराचे; नंबरप्लेट मात्र गेल्याच महिन्यातली. आपल्या वयाच्या वाचकाची नजर तिथे क्षणभर खिळते. मनातल्या मनात आपण त्या गाडीची टाकी हाताने चाचपूनही पाहतो.

हे रूप कुठून आले, ते थोडक्यात सांगतो. मैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून जावा आणि पुढे १९७३ पासून येझदी या नावाने मोटारसायकली बनवल्या. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. तेच जावा नाव नोव्हेंबर २०१८ मध्ये नव्या गाडीवर परतले आणि जानेवारी २०२२ मध्ये येझदीही आली. रॉयल एनफिल्डने २००९ मध्ये आणलेल्या ‘क्लासिक’ने तर जुन्या रूपाची मोठी बाजारपेठच उभी केली. जगात ही लाट त्याआधीची आहे. कावासाकीची ‘डब्ल्यू ६५०’ १९९९ मध्ये आणि ट्रायम्फची नवी ‘बॉनव्हिल’ त्यानंतर लवकरच आली होती. आता त्याच ट्रायम्फची ‘स्पीड ४००’ आपल्या शेजारी, चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होते.

या गाड्यांचे आकर्षण नुसत्या दिखाव्याचे नाही, हे घरातल्या तरुण मंडळींनी समजून घ्यावे. ज्यांनी पहिल्या पगारातून हप्ते भरून येझदी घेतली, नाना पेठेत सुट्या भागांसाठी दुकाने पालथी घातली, कात्रजच्या घाटात तापलेले इंजिन रस्त्याच्या कडेला बसून निवू दिले, त्यांच्या लेखी ती गाडी म्हणजे स्वतःच्या कर्तेपणाचा पुरावा असते. निवृत्तीनंतर हा कर्तेपणा हळूहळू हातून निसटत जातो. अशा वेळी शोरूममधली ती टाकी दिसते आणि सुमारे दोन लाख रुपये एकदम फार वाटेनासे होतात. या ओढीत मला हसण्यासारखे काही दिसत नाही.

शिवाय नव्या गाड्यांत शरीराला सुखावणाऱ्या गोष्टी खरोखरच आहेत. बसण्याची ठेवण ताठ असते, त्यामुळे पुढे झुकून चालवायच्या तरण्या गाड्यांसारखा मनगटांवर आणि मानेवर भार येत नाही. गुडघ्याला हिसका देणारी किक जाऊन बटण आले. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना चाक जागीच अडकू न देणारी ब्रेकयंत्रणा, म्हणजे एबीएस, सक्तीची झाली; पावसात निसरड्या डांबरावर ती फार उपयोगी पडते. जुन्या बुलेटवरून उतरल्यावर तळव्यांना बराच वेळ जाणवणारी थरथरही आता पुष्कळ कमी झाली आहे.

मग अडचण कुठे आहे? आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात धास्ती वेगाची असते. माझ्या मते साठीनंतर या गाडीचा खरा धोका ती थांबलेली असताना असतो.

आजच्या ‘क्लासिक ३५०’चे वजन १९५ किलो आहे. ‘जावा ४२’ सुमारे १७० किलोंच्या पुढे जाते. आपण गेली पंधरा वर्षे जी गिअर नसलेली स्कूटर चालवली, ती साधारण १०५ ते ११० किलोंची. गाडी सरळ उभी असते तोवर वजन चाकांवर असते आणि काही जाणवत नाही. पण ती एका बाजूला थोडी अधिक कलली की सारा भार एका पायावर येतो. एका मर्यादेपुढे पहिलवानालाही ती सावरता येत नाही. आता आपल्या सोसायटीचे पार्किंग डोळ्यांसमोर आणा: किंचित उतार, दोन गाड्यांमधली अरुंद फट, फरशीवर धुण्याचे पाणी, आणि गाडी पायांनी ढकलत मागे घ्यायची आहे. ‘क्लासिक’च्या सीटची उंची ८०५ मिलिमीटर आहे, साडेपाच फूट उंचीच्या माणसाचे दोन्ही तळवे पूर्ण टेकतीलच असे नाही. ‘मीटिऑर’ची सीट ७६५ मिलिमीटरवर आहे. हा चार सेंटिमीटरचा फरक शोरूममधल्या रंगाच्या चर्चेपेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे.

अशा उभ्या पडझडीत वेग शून्य असतो, तरी घोटा, मनगट किंवा खुब्याचे हाड मोडू शकते. खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया, अंथरूण आणि त्यामागून येणारे परावलंबित्व यांचा अनुभव आपल्या परिसरात कुणाला तरी आलेलाच असतो. म्हणून एक गोष्ट आधीच मनाशी घोकून ठेवा: गाडी कलंडू लागली तर तिला धरून ठेवण्याचा हट्ट करू नये. हात सोडावेत आणि पाय बाजूला घ्यावा. टाकीला पोचा पडेल, तो निघतो. लेग गार्ड मात्र आवर्जून बसवून घ्या; गाडी आडवी झाली तरी खाली पाय चिरडण्याची शक्यता त्याने कमी होते.

किक गेल्याचे सुख सांगितले, त्याला जोडून एक कटकटही सांगायला हवी. फक्त रविवारी बाहेर पडणाऱ्या गाडीची बॅटरी उतरते. पूर्वी चार किका मारून किंवा शेजाऱ्याकडून धक्का मारून घेऊन काम भागे. आजच्या इंधन-इंजेक्शनच्या गाडीला बॅटरी पुरती उतरल्यावर धक्क्याचा भरवसा धरता येत नाही, आणि जवळजवळ दोनशे किलो ढकलण्याचा उद्योग हृदयरोग्याने तर करूच नये. मेकॅनिकला घरी बोलवावे.

दुसरी गोष्ट सवयीची आहे, आणि ती मला वजनाहून अधिक चिंतेची वाटते. गिअर नसलेल्या स्कूटरवर डाव्या हाताची मूठ दाबली की मागचा ब्रेक लागतो. मोटारसायकलवर त्याच जागी क्लच असतो. पंधरा वर्षांच्या सवयीने, समोर अचानक रिक्षा वळली की डावी मूठ आपोआप आवळली जाते. गाडी थांबत नाही. उलट इंजिनाचा आधार सुटून ती मोकळी पुढे धावते. जुनी बुलेट चालवलेल्यांची गंमत निराळीच. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. आता ते अगदी उलट आहे. शांत रस्त्यावर बुद्धी हे लक्षात ठेवते, पण संकटाच्या क्षणी पाय बुद्धीला विचारत नाही. तेव्हा ‘मी चाळीस वर्षे चालवली आहे’ हा अनुभव इथे पूर्णपणे आपल्या बाजूने साक्ष देत नाही. पहिले काही आठवडे रिकाम्या मैदानात, पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर फक्त थांबण्याचा सराव करावा. यात कमीपणा कसला?

आता औषधांचा डबा उघडून पाहू. प्रोस्टेटसाठी घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी उठून उभे राहताना भोवळ येऊ शकते. झोपेच्या गोळीचा आणि सर्दीच्या काही गोळ्यांचा अंमल सकाळीही उरतो. पहाटे सिंहगडाच्या पायथ्याशी जाण्याचा बेत असेल तर रात्रीच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलावेच. मधुमेहात इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी चालू असेल, तर उपाशीपोटी हँडल धरू नये आणि खिशात साखर ठेवावी. दीर्घ मधुमेहाने तळवे बधिर झाले असतील, तर ब्रेकवर पाय आहे की नाही हेच नीट कळत नाही. अशा पायांनी मोटारसायकल चालवू नये, असे मी स्पष्टच म्हणेन. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याच्या डोक्याला किरकोळ मार लागला, वरून खरचटलेलेही दिसले नाही, तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे; आत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. पुण्यात हेल्मेटवरून वाद पुष्कळ झाले, पुढेही होतील. या वाचकांसाठी तो विषय वादाचा नाही.

आणि मागे बसणाऱ्या व्यक्तीचे काय? जुन्या रूपाच्या कित्येक गाड्यांत मागची सीट आखूड, कधी दोन वेगळ्या गाद्यांची, तर कधी नावापुरतीच असते. मागे बसणारी व्यक्ती नेमकी मागच्या चाकावर बसलेली असते, त्यामुळे गतिरोधकाचा सर्वात मोठा दणका तिलाच बसतो. मासिक पाळी थांबल्यानंतरच्या वर्षांत स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात, आणि अशा मणक्याला एखादा जोराचा दणकाही दबवू शकतो. गतिरोधकावरून गाडी उडाल्यानंतर पाठीत अचानक तीव्र कळ आली आणि ती दोन दिवसांत ओसरली नाही, तर ‘उसण भरली असेल’ म्हणून शेकत बसू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. एका बाजूला पाय सोडून बसण्याची आपल्याकडची पद्धत तोल आणखी अवघड करते. मागे धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळी या तिन्ही गोष्टी नियमाने आवश्यक आहेत. ‘लूक बिघडतो’ म्हणून त्या काढून देणाऱ्या कारागिराचे ऐकू नका. नव्या जावाला दोन्ही बाजूंना सायलेन्सर आहेत. डावीकडे पाय सोडून बसणाऱ्या व्यक्तीची पोटरी तापलेल्या नळीला लागणार नाही ना, हे उभ्या गाडीवर आधी बसवून पाहावे. थोडक्यात, शोरूममध्ये काकूंनाही न्या आणि त्यांचे मत शेवटी नव्हे, आधी विचारा.

शोरूममध्ये गेलात की इंजिन लगेच सुरू करू नका. पाय पलीकडे टाकताना खुब्यात कळ येते का, ते पाहा. साइड स्टँडवरून गाडी सरळ करा. हलक्या चढावर ती पायांनी मागे ढकला, हाताने धरून एक गोल फेरी मारा, डबल स्टँडवर लावून पुन्हा उतरवा. मान वळवून मागचे वाहन दिसते का, तेही पाहा. विक्रेता कंटाळला तरी चालेल. यातले काहीही दम लागून, कुणाच्या आधाराने किंवा दुसऱ्या प्रयत्नात जमत असेल, तर ती गाडी आपली नव्हे.

तिला पर्याय आहेत. बजाजने १९७२ पासून बनवलेल्या चेतकचे नाव आता विजेवरच्या स्कूटरला मिळाले आहे. तिची विक्री २०२० च्या आरंभी पुणे आणि बंगळूरमध्ये सुरू झाली. तिला गिअर नाही, आणि गाडी मागे घेण्याची सोय बटणावर आहे. पार्किंगच्या त्या उतारावर हे बटण किती कामाचे, ते सांगायला नको. जुन्या जावाचा आवाज मात्र तिच्यात नाही, हे मान्य.

मुलामुलींना आणि सुनाजावयांना एक विनंती. बाबांची चावी लपवू नका. लपवलेली चावी सापडते, मोडलेला संवाद सापडत नाही. त्याऐवजी एखाद्या रविवारी त्यांच्या मागून दुसऱ्या गाडीवर जा आणि बघा: उजवीकडे वळताना ते बिचकतात का, इंडिकेटर तसाच लुकलुकत राहतो का, सिग्नलला थांबताना पाय घसरतो का. गाडीवर दर महिन्याला नवा ओरखडा दिसत असेल, तर त्याबद्दल चिडवू नका, शांतपणे विचारा. गुडघा किंवा खुबा बदलला असेल तर शल्यचिकित्सकांनी होकार देईपर्यंत, आणि एकदाही शुद्ध हरपली असेल तर तिचे कारण सापडेपर्यंत गाडी बंद, एवढे मात्र घरात सर्वांनी मिळून ठरवावे. अंधार पडल्यावर आणि पहिल्या पावसात न चालवण्याचे बंधन बहुतेक वडीलधारी मंडळी कुरकुर करत का होईना, पण स्वीकारतात. मोतीबिंदू असताना समोरच्या दिव्यांनी डोळे किती दिपतात, हे त्यांनाही ठाऊक असते.

कागदपत्रांचेही पाहून ठेवा. वयाच्या पंचावन्न वर्षांनंतर वाहनपरवान्याचे नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांपुरतेच होते आणि त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. ते आणायला जाल, तेव्हा केवळ सहीसाठी जाऊ नका. औषधांची यादी सोबत न्या, डोळे तपासून घ्या, आणि मोटारसायकल नेमकी किती किलोंची आहे तेही डॉक्टरांना सांगा.