झेडपीच्या शाळेला पालक किती गुण देतात?

पुणे-सोलापूर महामार्गालगतच्या चिंचोळी एमआयडीसीत रसायनं बनतात, औषधं बनतात, गाड्यांच्या इंजिनांचे कॅमशाफ्ट घडतात. जून जवळ आला की इथल्या कामगारांच्या घरात एकच विषय निघतो. पोराला झेडपीच्या शाळेत घालायचं की पिवळ्या बसनं इंग्लिश मीडियमला धाडायचं? झेडपीत फी नाही, पुस्तकं फुकट, दुपारी खिचडी मिळते. तरीही ओव्हरटाइम करून खासगी शाळेचे हप्ते फेडणारे बाप कमी नाहीत.

त्यांना नुसती टाय-बुटाची भुरळ पडली आहे असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. ‘एकच गुरुजी दोन-दोन वर्ग सांभाळतात’ ही त्यांची तक्रार कायद्याच्या आकड्यांतूनच आलेली आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. म्हणजे चौथीपर्यंतच्या छोट्या शाळेत पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसरीत. गुरुजी पहिलीला अक्षरं गिरवायला देतात आणि दुसरीकडे वळतात. त्यातला एक शिक्षक निवडणुकीच्या किंवा जनगणनेच्या कामाला गेला की चारही वर्ग एकाच्या गळ्यात. या दोन्ही कामांना कायद्याची मुभा आहे. पट घटला की शिक्षक कमी होतात आणि शिक्षक कमी झाले की पालक आणखी दुरावतात. हे चक्र गावोगाव दिसतं.

सरकारी शाळेबद्दल पालकांना काय वाटतं, हे 2024मध्ये थेट न्यायालयात दिसलं. खासगी शाळांतल्या 25 टक्के मोफत जागांच्या नियमात राज्य सरकारनं त्या फेब्रुवारीत बदल केला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या जागांतून सूट मिळाली. गरीब पालकांच्या हातातली निवडच गेली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि जुलैमध्ये न्यायालयानं तो बदल रद्द केला. जवळ शाळा आहे एवढ्यावर पालक समाधानी नाहीत, हे सरकारला यातून कळायला हवं होतं.

पण कौल नेहमी एकाच बाजूला पडतो असंही नाही. ‘असर’ या ग्रामीण पाहणीनुसार महाराष्ट्रात सरकारी शाळांत जाणाऱ्या 6 ते 14 वयाच्या मुलांचं प्रमाण 2018मध्ये 61.6 टक्के होतं. कोरोनानंतर, 2022मध्ये, ते 67.4 टक्क्यांवर गेलं. रोजगार आटला आणि फी परवडेना, हे त्यामागचं मोठं कारण. म्हणजे मुलं झेडपीच्या दारात आली होती. ती टिकवण्याची संधी होती. देशभरात मात्र हेच प्रमाण 2022मधल्या 72.9 टक्क्यांवरून 2024मध्ये 66.8 टक्क्यांवर उतरलं. हातात पैसा आला तसे पालक परत वळले, असाच त्याचा अर्थ लावावा लागतो.

सोलापूर जिल्ह्यानंच याचं उत्तरही दाखवलं आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले 2009मध्ये रुजू झाले, तेव्हा पडक्या इमारतीला गोठा चिकटलेला होता. मुलींची हजेरी नावापुरती. डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले. बापाचा मोबाइल पानावर धरला की कविता ऐकू यायची, धडा व्हिडिओत दिसायचा. घरात पुस्तक उघडलं जाऊ लागलं आणि शाळेत काय शिकवतात हे आईबापांना दिसू लागलं. 3 डिसेंबर 2020 रोजी त्यांना 10 लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. पुरस्काराचा गाजावाजा खूप झाला, पण पालकांचा विश्वास परत मिळवणं हे त्याहून अवघड काम होतं.

असे शिक्षक गावोगाव मिळणार नाहीत हे खरं. तरी पालकांच्या हातात एक हक्क आहे आणि बहुतेक जण तो वापरत नाहीत. प्रत्येक झेडपी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा करणं आणि आलेला निधी कसा खर्च होतो ते पाहणं हे तिचं काम आहे. मात्र शिफ्ट सोडून सभेला जाणं म्हणजे पगाराचा खाडा, त्यामुळे सभेची वही सह्यांपुरती फिरते. कामगारवस्तीतल्या शाळांनी या सभा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी घ्यायला काय हरकत आहे?

आणि शाळेला गुण देण्याआधी पालकांनी घरी एक परीक्षा घ्यावी, शाळा झेडपीची असो वा इंग्लिश मीडियमची. तिसरीतल्या पोरासमोर दुसरीच्या पुस्तकातलं न शिकवलेलं पान ठेवा. शिकवलेलं नको, ते पाठ असतं. मग हातच्याची एक वजाबाकी घाला. ते अडखळलं तर पुढच्या सभेत नेमकं तेच विचारा आणि उत्तर वहीत लिहून घ्या.