गुडविल: ख्याती, सदिच्छा की पत?

बारावीला बुक-कीपिंग घेतलेल्यांना गुडविल म्हणजे 'ख्याती' हे पाठच असतं. शुभेच्छापत्रावर तेच गुडविल 'सदिच्छा' होतं. आणि आठवडी बाजारात "लिहून ठेव, मजुरी आली की देतो" म्हटल्यावर दुकानदार मुकाट्याने वही उघडतो, तेव्हा आपण म्हणतो, त्याची 'पत' आहे. इंग्रजीचा एक शब्द, आपले तीन. प्रस्ताव लिहिताना यातलं नेमकं काय मोजणार हे आधी ठरवा, नाहीतर प्रश्नावलीत तिन्हींची खिचडी होते.

हिशेबातली व्याख्या सोपी आहे. समजा, आरमोरीतलं एक किराणा दुकान विकायचंय. देणी वजा जाता मालमत्ता 8 लाखांची, घेणारा 10 लाख देतो. वरचे 2 लाख म्हणजे ख्याती. गंमत अशी की दुकान विकलं नाही तर हे 2 लाख कुठेच दिसत नाहीत. भारतीय लेखा मानक 26 नुसार धंद्याने स्वतः कमावलेली ख्याती मालमत्ता म्हणून वहीत दाखवताच येत नाही. ती विकत घेतलेली असावी लागते.

मग जे कधी विकलंच जाणार नाही, त्याचं काय?

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) घ्या. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू वाहून न्यायला वाहतूक परवाना लागतो आणि तो वनखात्याच्या हातात होता. 27 एप्रिल 2011 ला तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवान्याचं पुस्तक गावात येऊन ग्रामसभेला दिलं. तेव्हापासून व्यापाऱ्याच्या ट्रकमधला कागद ग्रामसभेच्या सहीचा. मेंढ्यात निर्णय सर्वसहमतीने होतात, म्हणजे आज ठरलेला सौदा उद्या गावातलाच एखादा गट मोडेल ही भीती कमी. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही ख्यातीच की! पण ग्रामसभा विकता येत नाही, त्यामुळे हा आकडा ताळेबंदात कधीच येणार नाही. कर्ज मागायला गेलं तर बँकेला दाखवायला कागद कुठून आणायचा?

थेट मोजता येत नसेल तर खुणा शोधाव्या लागतात. तोच व्यापारी पुढच्या वर्षी बोली लावतो का? आगाऊ रक्कम किती देतो? इथे घाई नको. तोच माणूस पुन्हा येतोय याचा अर्थ विश्वास असेल, किंवा दुसरं कुणी येतच नसेल. भाव चढा मिळाला त्यामागे गावाचं नाव असेल, किंवा नुसता जवळचा डांबरी रस्ता. बोलीदारांची संख्या, मालाची प्रत, रस्त्याचं अंतर या गोष्टी विश्लेषणात घेतल्याशिवाय गुडविलचा 'परिणाम' म्हणू नका.

पाठ्यपुस्तकातल्या सरासरी नफा पद्धतीची अडचण पाहायची तर चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव बघा. 2012 मध्ये सामूहिक हक्क मिळाल्यावर गावाने बांबू विकायला घेतला, पण तेंदूपत्ता तोडणं बंद केलं, कारण त्यासाठी फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात. सूत्रात टाकलं तर तेंदूचं उत्पन्न गेलं म्हणून ख्याती घटली! हे उत्तर मला तरी पटत नाही.

आणखी एक बाजू बहुतेक प्रश्नावल्यांतून सुटते. तेंदू फळीवर 70 पानांचा पुडा आणि 1,000 पुड्यांची एक प्रमाण गोणी, असा हिशेब चालतो. माल उचलला गेला आणि ठेकेदाराचे पैसे अडकले, तर मजूर ठेकेदाराला विचारत नाही. तो ग्रामसभेच्या अध्यक्षाला चौकात गाठून विचारतो, "भाऊ, आमचे पैसे कधी?" ठेकेदाराच्या उशिराने ग्रामसभेची गावातली पत जाते. म्हणून क्षेत्रकार्यात तीन तारखा एका ओळीत लिहून घ्या: माल उचलल्याची, पैसे आल्याची आणि मजुरी वाटल्याची. पहिल्या दोन तारखांमधलं अंतर ठेकेदाराबद्दल सांगतं, नंतरचं ग्रामसभेबद्दल.