रजोनिवृत्तीची वही : लेखांक ११
रिपोर्टवरचा नऊ

आज टेस्टोस्टेरॉन जेलच्या पाकिटाबद्दल बोलायचं कबूल केलं होतं. ते आज होणार नाही. सांगलीच्या एका वाचक ताईंनी रिपोर्टचा फोटो पाठवलाय आणि त्यांनी नेमकं माझ्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंय. जेल एक आठवडा थांबेल.

ताई ५४ वर्षांच्या, पाळी जाऊन तीन वर्षं झालेल्या. मुलाने वाढदिवसाला ‘फुल बॉडी’ पॅकेज भेट दिलं (हल्ली साड्या मागे पडल्या). त्यात टोटल टेस्टोस्टेरॉन निघालं ९ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. आकडा ठळक, शेजारी खाली तोंड केलेला बाण. दुसऱ्याच दिवशी पॅकेजवाल्यांचा फोन : मॅडम, हॉर्मोन फारच कमी आहे, ट्रीटमेंट घ्यायला हवी. ताई विचारतात, ‘थकवा आहे, झोप लागत नाही, केस गळतात. नऊचे चाळीस केले तर हे सगळं जाईल का?’

नाही जाणार. पण त्याआधी हा नऊ खरंच नऊ आहे का, ते बघू. माझी नोकरी मशीनच्या खोलीत गेली. तिथे बसून आकडा बाहेर पडताना पाहिला की त्याच्याबद्दलची भीड चेपते.

पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन साधारण ३०० ते १०००. तरुण बाईच्या रक्तात १५ ते ७०. पाळी गेलेल्या बाईचं त्यातही खालच्या टोकाला, किंवा आणखी खाली. बहुतेक लॅबमध्ये ते मोजतात केमिल्युमिनेसन्सच्या मशीनवर. नळीत मोजक्या अँटिबॉडी असतात. त्यांच्यावर जागा पटकावण्यासाठी तुमच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन आणि किटमधलं खूण लावलेलं टेस्टोस्टेरॉन यांची चढाओढ लागते. शेवटी उजेड जितका कमी, तितकं तुमचं टेस्टोस्टेरॉन जास्त. पुरुषाचं २०० आहे की ५००, हे या पद्धतीने छान कळतं. बाईच्या बाबतीत मात्र साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मंगळसूत्र ठेवल्यासारखं होतं. काटा काहीतरी दाखवतो, आणि आपण ते लिहून घेतो.

हे काही माझं एकटीचं कुरकुरणं नाही. २००३ साली ‘क्लिनिकल केमिस्ट्री’ या नियतकालिकात फ्रेंच संशोधकांनी पुरुष, बायका आणि मुलं मिळून ११६ जणांच्या रक्तावर १० वेगवेगळी किट चालवली आणि प्रत्येकाचा आकडा मास स्पेक्ट्रोमेट्रीशी ताडून पाहिला. पुरुषांचं बरं जमलं. बायकामुलांच्या बाबतीत दाणादाण उडाली. त्यासोबतच्या संपादकीयाच्या शीर्षकातच प्रश्न होता की, बायकांसाठी ही तपासणी निव्वळ अंदाजापेक्षा तरी बरी आहे का. तेव्हापासून किट सुधारली हे खरं. पण तळाच्या आकड्यांवर अजूनही दोन मशीनचं एकमत व्हायची खात्री नाही.

घोळ कशाने होतो? एक तर अँटिबॉडीची ओळख चुकते. अधिवृक्क ग्रंथीतून येणारं डीएचईए सल्फेट हे टेस्टोस्टेरॉनच्या घराण्यातलंच, आणि बाईच्या रक्तात ते हजारपटींहून जास्त. त्यातलं किंचितसंही टेस्टोस्टेरॉन समजून मोजलं गेलं की रिपोर्ट फुगतो.

दुसरं कारण तुमच्या ड्रेसिंग टेबलावर असतं : केसांच्या गोळ्या. त्यातलं बायोटिन. ताईंनी पत्रात ओझरता उल्लेख केलाय, ‘दहा हजारवाली घेते’, म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. काही कंपन्यांच्या मशीनमध्ये सगळी पकड बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन या जोडीवर असते. रक्तातच बायोटिन भरपूर असलं की ती पकड सुटते आणि उजेड कमी पडतो. मशीन समजतं, टेस्टोस्टेरॉन जास्त आहे. थायरॉईडसाठीच्या टीएसएच तपासणीची रचना वेगळी, तिथे आकडा उलट खोटाच कमी येतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. आपल्याकडे रक्त घेताना ‘उपाशी आहात ना?’ एवढं विचारतात, केसांच्या गोळीचं कोणी विचारत नाही. लॅबला विचारून ती दोन-तीन दिवस आधी बंद ठेवावी.

खरंच मोजायचं असेल तर मास स्पेक्ट्रोमेट्रीची एलसी-एमएस/एमएस ही पद्धत मागा. मोठ्या रेफरन्स लॅब ती करतात. ‘फ्री टेस्टोस्टेरॉन’ नावाची थेट किटवर होणारी तपासणी मात्र नको. ती महाग असते आणि टोटलपेक्षाही बेभरवशाची. मोकळ्या भागाचा अंदाज हवाच असेल तर टोटलसोबत एसएचबीजी (टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन) मोजून गणिताने काढतात. इस्ट्रोजेनची गोळी पोटातून घेणाऱ्यांमध्ये हे एसएचबीजी चढतं आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन घटतं. त्वचेवर लावायच्या इस्ट्रोजेनने तेवढं होत नाही. कित्येकदा टेस्टोस्टेरॉन देण्याआधी गोळी बदलून पाहणंच शहाणपणाचं ठरतं.

समजा, अगदी नेमका आकडा मिळाला. तरी पुढे काय? २००५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात सुझन डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी हजाराहून जास्त बायकांचं टेस्टोस्टेरॉन आणि त्यांनी सांगितलेली लैंगिक इच्छा शेजारी ठेवून पाहिली. ‘याच्या खाली कमतरता’ अशी रेघ ओढता आली नाही. इच्छा मेलेल्या कित्येकींचे आकडे चांगले होते आणि कमी आकड्याच्या कित्येकी मजेत होत्या. म्हणून २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमती पत्रकात स्वच्छ लिहिलंय की, रक्तातल्या आकड्यावरून इच्छा गेल्याचं निदान करायचं नाही. पाळी गेलेल्या बाईला टेस्टोस्टेरॉन देण्याचं पुराव्याने टिकणारं कारण एकच : इच्छा गेली आहे आणि त्याचा तिला स्वतःला त्रास होतोय. थकवा, झोप, केस, विसराळूपणा यांसाठी द्यावं असा पुरावा नाही. केसांचं तर उलटंच. काहींचे डोक्यावरचे विरळ होतात आणि हनुवटीवर उगवतात.

रिपोर्टवरच्या त्या बाणामागे आणखी एक गैरसमज आहे. पाळीबरोबर इस्ट्रोजेन कोसळतं, तसं टेस्टोस्टेरॉनही कोसळत असणार असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते विशीपासूनच हळूहळू उतरत असतं. चाळिशी सरेपर्यंत जवळपास निम्म्यावर आलेलं असतं. पाळी जाते त्या वर्षी वेगळं काही घडत नाही, कारण पाळी गेल्यावरही अंडाशय ते थोडंफार बनवत राहतात.

अपवाद आहे शस्त्रक्रियेचा. ‘माझी पिशवी काढली’ असं बायका सांगतात, पण पिशवीबरोबर अंडाशय काढले की ठेवले, हे त्यांना बहुतेकदा कोणी सांगितलेलं नसतं. ठेवले असतील तर टेस्टोस्टेरॉनला तसा मोठा धक्का नाही. दोन्ही काढले असतील तर ते एका दिवसात निम्मं होतं, तेही पस्तिशीत किंवा चाळिशीत. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून राज्यभर चर्चा झाली, चौकशी समिती बसली. तेव्हाही बोलणं पिशवीचंच जास्त झालं. उत्तर डिस्चार्ज कार्डावर असतं. ‘टीएएच’ एवढंच लिहिलं असेल तर फक्त गर्भाशय काढलंय. पुढे ‘बीएसओ’ असेल तर दोन्ही अंडाशयसुद्धा.

मग तपासणी करायचीच कशाला? उपचार ठरला असेल तर करायची. सुरू करण्याआधी एकदा, मुळातच जास्त असलेल्या बाईला आणखी दिलं जाऊ नये म्हणून. नंतर तीन ते सहा आठवड्यांनी, आणि मग दर सहा महिन्यांनी, आकडा तरुण बाईच्या पट्ट्याबाहेर जात नाही ना हे बघायला. वर गेला की मुरुमं, लव, आणि आवाज घोगरा होणं. हे शेवटचं परत न फिरणारं. सहा महिन्यांत फरक नाही पडला तर औषध बंद. आणि जेल दंडावर लावत असाल तर रक्त त्या हाताचं देऊ नका. कातडीवरचं जेल सुईबरोबर आत गेलं की असा आकडा येतो की डॉक्टरांची झोप उडते.

तेव्हा ताई, हे टेस्टोस्टेरॉन पुन्हा मोजायला जाऊ नका, आणि फोन करणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणा. थकव्यासाठी हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि टीएसएच बघा. टीएसएच केसांची गोळी थांबवूनच. रात्रीच्या घामाने झोप मोडत असेल तर त्यावर चांगले उपाय आहेत, लेखांक ४ काढून वाचा. बाकीच्यांपैकी ज्यांची पिशवी काढली आहे त्यांनी या आठवड्यात कपाटातून डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवावं. पुढच्या वेळी जेलचा हिशोब मांडताना ते लागणार आहे.